मुकच्या अंगात चालेल ते रक्त

प्रिय डेचादादा,

"मागच्या जन्मीचं पाप दुसऱ्याच्या अंगात कशाला भरता?" आईच्या साठाव्या वाढदिवसाला आपण सगळे पुण्य म्हणून रक्त द्यायला विहाराच्या अंगणात गेलो होतो, तेव्हा तू नर्सबाईंना हे म्हणालास. मोठ्यानं. मी बाही वर सारून बसले होते. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "रडू नको गं सुंदरी, काजळ ओघळेल!" सगळे हसले. आईनं आपल्या हातातलं लाल सरबत मला दिलं आणि ती एकटीच घराकडे चालू लागली.

नर्सबाई निदान हळू बोलल्या. जन्मानं पुरुष आणि पुरुषासोबत राहणारा, अशाचं रक्त कधीच घेत नाहीत, नियम आहे. माझ्यामागून खुर्चीत बसला तो आपला शेजारी प्रसोंग. पगार झाला की तो कुठल्या बायांकडे जातो हे अख्ख्या लांपांग गावाला ठाऊक, त्याच्या बायकोलासुद्धा. त्याला कुणी हटकलं नाही. बिल्ला लावून, बिस्किटं खाऊन तो घरी गेला. मी आणि अनन तेव्हाही एकमेकांचेच होतो, आजही आहोत. आजाऱ्याला चांगलंच रक्त मिळायला हवं, हे मलाही कळतं. म्हणून तर म्हणते, काय केलंस ते विचारा, आणि सगळ्यांना विचारा. मला फक्त मी कोण एवढंच विचारलं.

आई गेली तेव्हा तुझा निरोप आला : मुलगा म्हणून मुंडण कर, भिक्खूचं चीवर घाल, नाहीतर येऊ नकोस. कुंपणाबाहेरून मी चितेचा धूर पाहिला.

आणि आता तुझा फोन. "रिन," म्हणालास. माझ्या नावानं, पहिल्यांदाच. तुझ्या लेकीच्या, मुकच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, आईचं ते दुर्मीळ निगेटिव्ह रक्त घरात तिच्यात आणि माझ्यातच उतरलंय, रक्तपेढीत मिळत नाहीये. मला रडू फुटणार, तेवढ्यात तू पुढचं बोललास, "पँट घालून ये. केस टोपीत कोंब. पुरुषाबरोबर राहतोस का विचारलं, तर नाही म्हण. कुणाला कळतंय?"

म्हणजे पाप टोपीखाली मावतं तर!

मुक तुला चोरून मला फोन करते, हे तुला माहीत नसेल. परवा म्हणाली, "आत्या, बरी झाले की मला तुझ्यासारखं लिपस्टिक लावायला शिकव हं. बाबाला नको सांगूस, तो तापेल." तिला मी काय सांगू, तिच्या बाबाला माझं रक्त हवंय, मी नकोय?

मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, रक्त स्वच्छ आहे. आणि तिच्या जिवाचा मी सौदा करणार नाही, हे आधीच सांगते. तू हो म्हण, नाही म्हण, रक्त मी देणार. वेळ आली तर अननची पँट घालून, खोटं बोलून देणार. पण नाव न सांगता मी हॉस्पिटलात विचारून आले आहे. मुलीच्या वडिलांनी स्वतः येऊन मागितलं, तर मोठे डॉक्टर माझं रक्त तपासून अपवाद करायला तयार आहेत. मला माझ्या कपड्यांत, केस मोकळे सोडून तिथे जायचंय. तू शेजारी उभा राहा आणि विहारात काढला होतास त्याच आवाजात एकदा म्हण, "ही माझी बहीण. आधी हिचं रक्त तपासा, मग बोला."

पँट इस्त्री करून ठेवली आहे, तुला ओळखते म्हणून. तरी विचारते, येशील?

तुझीच, तू म्हण अथवा न म्हण, बहीण
रिन