मोजणीत एक जास्त

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, मी ठणठणीत आहे, फक्त वैतागलोय.

या सहलवाल्यांनी नुसता वीट आणलाय. जुन्या शहरात प्रत्येक दरवाजापाशी फोटो, डोंगरात प्रत्येक वळणाला कुणाची तरी उलटी. वर गाइडने माणसं मोजायचं काम माझ्याच, ड्रायव्हरच्या, गळ्यात मारलं. काल माथ्यावर मोजली, एकवीस भरली, गाडी सोडली. मी स्वतःलाही मोजलं होतं! एक आजोबा वरच राहिले. धावत परत गेलो, तर म्हणाले, "एवढ्यात कशाला आलास?"

मालक मात्र म्हणाला, पुन्हा चुकलास तर घरचा रस्ता धर.

तुझा गुडघा कसा आहे? ताई सांगत होती, जेवायला बसताना तू अजून माझंही ताट मांडतेस. चुकीचं मोजायला तूच शिकवलंस बघ. पण ताट मांडत राहा, मालकाचा नेम नाही.

तुझा,
धाकटा