बाबांनी यंदाही बाटल्या लवकर आणल्या

प्रिय ठोंब्या,

यंदा नाताळला माझी वाट बघू नका, असं तू फोनवर म्हणालास आणि मी आपलं बरं म्हणून टाकलं. पण फोन ठेवल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. तुझं काही चुकत नाही. दारू सोडून तुला अजून वर्षही झालेलं नाही, आणि त्या दिवशी काका आपल्या घरी ज्या हौसेने सगळ्यांचे पेले भरत फिरतात, ते बघता तू लांब राहतोस तेच शहाणपणाचं. पण तू नसलास की घर मला खायला उठतं, हेही खरं.

आता इथली खबर. बाबांनी यंदाही नाताळच्या बाटल्या लवकर आणल्या, अंगावर स्वेटर चढायच्या आत. दरवर्षीचाच प्रकार. जरा गार वारा सुटला की पिशव्या भरून आणायच्या, का तर नंतर गर्दी होते. मग जिन्याखालच्या कपाटात ठेवून आपल्या दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप लावायचं आणि किल्ली आईच्या हवाली करायची. जन्मभर लोकांची कुलुपं उघडून देणाऱ्या माणसाला किल्ली कशाला लागते, हे आईने कधी बोलून दाखवलं नाही. नाताळ येईपर्यंत कपाटात नुसती हवा, आणि आदल्या दिवशी आपण दोघं त्यांच्याबरोबर पुन्हा दारूच्या दुकानापुढच्या रांगेत. पुढचं दिसावं म्हणून तू माझ्याच पायावर उभा राहायचास.

यंदा मात्र माझं डोकंच फिरलं. एका दिवशी तुझा असा फोन आणि दुसऱ्याच दिवशी बाबांच्या पिशव्या. चार शब्द सुनावायचेच म्हणून तावातावाने कपाटापाशी गेले, तर कुलूपच नाही. आत सफरचंदाचा रस, द्राक्षाचा रस, आल्याचं सरबत, सगळं ओळीने, लेबलं पुढे करून. दारूचा थेंब नाही. पिशव्या आणल्यावर त्यांनी तुला फोन करून नुसतं थंडी किती आहे विचारलं आणि ठेवून दिला, तो ह्याच्यासाठीच होता. सांगायला तोंड उघडेना. मला रडू आलं, लपवत नाही.

पण बाबाच ते. घोळ घातल्याशिवाय कसं होणार? रस एकदम ताजा, टिकवायचं काही न घातलेला, आणि बाटलीवरची तारीख नाताळच्या आधीच संपते. मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. चष्मा लावून त्यांनी एकेक बाटली उलटसुलट करून बघितली. आईला हसू आवरेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाटल्या शिल्लक राहिल्या, आणि नेमक्या त्याच टिकायच्या नाहीत. शेवटी ती म्हणाली, जाऊ दे, दुसऱ्या आणू.  मग जेवता जेवता बाबा म्हणाले, रस दुसरा आणता येईल, पण त्या दिवशी तुझा काका आणि त्याच्या बाटल्या काही यायच्या थांबणार नाहीत. त्यापेक्षा नाताळच अलीकडे घेऊ.

म्हणून हे पत्र. तारीख उलटायच्या आधीच्या, म्हणजे पुढच्या रविवारी आपण घरी नाताळ करतोय. काका नाहीत, पाहुणे नाहीत, आपण चौघंच. तुला भीड पडेल असं काही लिहू नकोस, अशी बाबांची ताकीद आहे, म्हणून आग्रह करत नाही. फक्त कळवते की कपाट उघडंच आहे आणि अजून एकही बाटली कमी झालेली नाही. तुझा फोन आल्यापासून बाबांनी बाहेरही घेतलेली नाही. आल्यावर त्यांना त्याबद्दल काही विचारू नकोस. शेजारी बस आणि पेला पुढे कर.

तुझीच,
पाय अजून शाबूत असलेली ताई