राणीच्या गालाचा हिशेब

लालबाग, मुंबई
श्रावण, १९५८

रा. रा. तात्याभावोजी यांस,

वहिनीचा नमस्कार. चिपळुणास सगळी खुशाल असतील असं धरून चालते. तुमची कंबर कशी आहे? गेल्या पत्रात तुम्ही कंबरेवर दीड ओळ आणि मामंजींच्या रुपयावर दीड पान लिहिलं होतं, त्यावरून कंबर बरी असावी.

तुमचं म्हणणं असं की, नवे पैसे आल्यापासून जुन्या नाण्यांना शौकीन लोक वाटेल तो भाव देतात. तेव्हा मामंजींनी तुम्हां दोघा भावांत मिळून ठेवलेला राणीछाप रुपया विकावा आणि अर्धे पैसे तुम्हांला पाठवावेत. म्हणणं रास्त आहे. माझ्या ट्रंकेत आहे म्हणून तो माझा होत नाही. फक्त तो विकायचा माझा विचार नाही. म्हणून ठरवलं, किंमत काढून आणावी आणि तुमचा अर्धा वाटा मीच द्यावा.

शेजारच्या कालिंदीला बरोबर घेतलं. (गणपतीत तुम्ही नको नको म्हणत असताना ताटात मोदक टाकत होती, तीच.) ती निघताना मूठभर चिंच आणि रांगोळी घेऊनच आली. ‘वहिनी, समईसारखा लखलखीत करून नेऊ, भाव डबल!’ मी नको म्हटलं. ते काही ज्ञानामुळे नव्हे, आदल्याच दिवशी पूजेची भांडी घासून माझे हात दुखत होते. ट्रामने गिरगावात पोचलो, तर संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ, एकूण एक दुकानाच्या फळ्या लावलेल्या. दुसऱ्या खेपेला दुकान उघडं, पण मालक अण्णा पोतनीस (घड्याळं दुरुस्त करतात, नाणी हा त्यांचा शौक) सभेला गेलेले. कालिंदी म्हणाली, आता महाराष्ट्र होईपर्यंत थांबा. तेवढं थांबावं लागलं नाही. तिसऱ्या खेपेला अण्णा भेटले.

त्यांनी डोळ्याला भिंग लावून रुपया इतका वेळ पाहिला की कालिंदीने तेवढ्यात तीन घड्याळांच्या वेळा चुकीच्या आहेत असं त्यांना सांगून टाकलं. मग तिने चिंचेचंही विचारलं. अण्णा म्हणाले, ‘चिंच लावली असतीत तर नुसत्या चांदीचा भाव दिला असता, बाई. वर पाणीसुद्धा विचारलं नसतं.’ तेव्हापासून कालिंदी, आपणच चिंच लावू दिली नाही, असं चाळभर सांगते आहे.

आता भावाचं. आपल्या रुपयावर जे साल आहे, त्या सालचा रुपया कमी मिळतो. अण्णांच्या यादीत ‘चांगला’ असेल तर वीस रुपये, ‘कोरा’ असेल तर साठ. आपला दोन्हींच्या मधला. मी म्हटलं, मग चाळीस. त्यांनी मान हलवली. मधला म्हणजे मध्यावरचा नव्हे. कोऱ्यासाठी शौकीन माणूस वेडा होतो, आणि केसभर कमी निघालं की त्याचं वेड उतरतं. म्हणून भाव सारख्या रकमेने चढत नाही, सारख्या पटीने चढतो. विसाची पावणेदुप्पट पस्तीस. पस्तिसाची पावणेदुप्पट एकसष्ट. वरचा एक रुपया कुठून आला, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘तो सोडून द्या. पस्तीस धरा.’

पण कोरा का नाही, हे मला कळेना. मामंजींनी तो कापडात गुंडाळून दिला होता, आणि एक दिवसही बाजारात गेला नाही. अण्णांनी भिंग माझ्या हातात दिलं. मागची बाजू कोरी, कडा कोरी. फक्त राणीचा गाल गेलेला. ‘कुणीतरी रोज त्याच जागी अंगठा फिरवलाय,’ ते म्हणाले. कालिंदी मोठ्याने म्हणाली, ‘अगोबाई, भाऊजी!’ (ह्यांना ती भाऊजी म्हणे.)

हे होते तोवर रोज संध्याकाळी गॅलरीत वर्तमानपत्र वाचायला बसत, तेव्हा तो रुपया हातात असे. सीमाभागाची बातमी असली की अंगठा जोरात चाले. मी रोज पाहत होते, पण त्याने काही झिजत असेल असं मनात आलं नाही. मी भिंग परत केलं आणि अण्णांकडून किंमत कागदावर लिहून मागितली.

हिशेब असा. मामंजींनी दिला तेव्हा रुपया कोरा होता, म्हणजे साठाचा. तुमचा अर्धा, तीस. मधले पंचवीस तुमच्या भावाने एकट्याने झिजवले. त्याचा भुर्दंड तुम्हांला कशाला? तो आमच्या वाट्यातून जावा. म्हणजे पस्तिसातले तीस तुमचे. माझे पाच, आणि अंगठा.

कंबरेला शेक घेत जा.

तुमची वहिनी,
सुभद्रा

ता. क. तिसाची मनिऑर्डर आजच केली आहे. पोचली की रुपया आता वहिनीचा, एवढी एक ओळ लिहून पाठवा. कंबरेवर लिहिलं नाही तरी चालेल.

ता. क. दुसरा : काल पेपर वाचता वाचता पाहिलं तर रुपया माझ्या हातात, आणि अंगठा त्याच जागी. दोन-चार दिवाळ्यांत राणी नुसत्या ‘चांगल्या’वर उतरेल. ती झीज माझ्या खाती धरावी.