खोक्याची मागची बाजू

तीर्थरूप आईस,
आधी पाया पडतो, कान मग पिळ.

सोमवारी सकाळी बालवाडीतल्या नव्या बाईंनी आमच्या दुकानातलं चॉकलेटी कॉर्नफ्लेक्सचं खोकं फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझं सगळं बदललं. "तिसरा हिस्सा साखर! आणि तुम्ही आयांना पौष्टिक म्हणून खपवता? घरच्या पोराला द्याल?"

ताईच्या चिऊला दोन खोकी मीच पाठवलीत ना! ताईला सांग, तिला देऊ नकोस. सकाळी काय खाते गं ती हल्ली?

बाई माझ्याच वयाच्या आहेत. त्यांचा आवाज कानातून जात नाही. हसू नकोस.

आज मी फळीवरची सगळी खोकी मागची बाजू पुढे करून लावली. मालक खेकसले, "फिरव, नाहीतर चालू लाग!"

"आधी आयांना वाचू द्या, मग विका," मी म्हटलं.

कॉलेज सोडलं तेव्हा डोकं तापलं होतं, कबूल. आज नव्हतं. म्हणजे थोडंसंच. जेवण वेळेवर चाललंय, दुसरं काम मिळेल, तू गोळ्या चुकवू नकोस.

एकही खोकं परत फिरवलं नाही. एप्रन काढून गल्ल्यावर ठेवला, बाहेर पडलो आणि दार धाडकन लावलं.

तुझा हट्टी
धाकटा