सूर्यास्तानंतरची गोळी

सातारा, ६ जानेवारी २०२५

चि. सम्मेद यास अक्काचे आशीर्वाद व जय जिनेंद्र. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. आप्पा बस्तीत देवदर्शनाला जाताना पायऱ्यांवर चक्कर येऊन पडले, रक्तदाब पार तळाला गेला, थोडक्यात वाचले. का, तर रक्तदाबाची गोळी घरात कुणीतरी खलबत्त्यात कुटून पाजली. तुझा निरोप वाचून मला काय वाटलं असेल?

बहीण औषधांच्या कंपनीत याच गोळ्यांवर काम करते, हे तुम्ही विसरलात की काय? ती गोळी दिवसरात्र थोडीथोडी सुटावी अशीच बनवलेली असते. कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. कारखान्यातल्या भट्टीच्या भिंतींची धग आतल्या लोखंडाला कशी लागते, याची गणितं तू रोज संगणकावर मांडतोस. धग एकदम दिली तर ओतकाम तडकतं हे कळतं, मग बापाच्या वेळी अक्कल कुठं गेली?

औषधं तुझी बायकोच देते ना? स्वप्नालीला नीट समजावून सांग. पुन्हा असं झालं तर आप्पा हाती लागायचे नाहीत.

रागावले तरी बहीणच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
अक्का (चंदना)

कुंडल, ११ जानेवारी २०२५

ती. अक्कास सम्मेदचा शि. सा. न. वि. वि.

वर्षातून दोनदा येतेस, पुरणपोळी खाऊन जातेस आणि साताऱ्यात बसून अक्कल काढतेस. इथं रोज निस्तरायचं मी. भट्टीचं म्हणशील, तर तिच्या आत डोकावता येत नाही. तरी नुसत्या अंदाजावर मी काम सोडत नाही, तापमान मोजून पडताळून घेतो.

खलबत्त्यातली पांढरी पूड मीच पाहिली. औषध स्वप्नाली देते, म्हणून तिला बस्तीत सगळ्यांसमोर झापलं. ती एक शब्द बोलली नाही. म्हणजे चूक तिचीच.

आता गोळी मी स्वतः देतो. पण आप्पा ती जिभेखाली धरतात आणि माझी पाठ वळली की कण्हेरीच्या मुळाशी थुंकतात. परवा रक्तदाब दोनशेच्या वर गेला. विचारलं तर म्हणतात, तू कामावर जा, मला काय हुईत न्हाई. एवढं ज्ञान आहे तर तूच ये आणि घाल त्यांच्या घशात.

भाऊजींना नमस्कार. माया कमी करू नये.

तुझा,
सम्मेद

कुंडल, १६ जानेवारी २०२५

ती. अक्का यांस स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र टेबलावर उघडंच होतं, यांचं मी टपालात टाकण्याआधी वाचलं. वाचलं याची मला लाज वाटत नाही.

गोळी मी कुटली नाही. आप्पांनी स्वतः कुटली. दिवाळीत तुम्ही कौतुकानं सांगितलंत ना, की सकाळी घेतलेली गोळी रात्रभर पोटात सुटत राहते? त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. दिवस मावळल्यावर मी पाणीबी घेत न्हाई, आन् ही गोळी रातभर पोटात जेवतीया, असं ते मला दवाखान्यात म्हणाले. उजेडातच संपावी म्हणून त्यांनी ती कुटली, आणि यांनी अख्खी दिली तेव्हा थुंकली. शिकलेली पोरं हसतील, म्हणून कुणाला सांगू नको, अशी गळ घातली. मी गप्प बसले ती त्यांच्या शब्दासाठी. तो शब्द आज मोडते आहे, कारण त्यांचा जीव मला त्याहून मोठा आहे.

भट्टीचा अंदाज हे मोजून पडताळतात. माझ्याबद्दलचा अंदाज मात्र तसाच बस्तीत ओरडून सांगितला.

काल मी आप्पांना एसटीनं सांगलीला नेलं आणि डॉक्टरांना सूर्यास्तानंतर काही न घेण्याच्या व्रताचं सांगितलं. त्यांनी साधी गोळी दिली, एक सकाळी, एक सूर्य मावळायच्या आत. विरघळायला अर्धा तासही लागत नाही. आप्पांनी सगळं दोनदा विचारून घेतलं आणि माझ्यासमोर गिळली. आज रक्तदाब उतरला आहे.

यांनी आता ज्यांच्यासमोर झापलं त्यांच्यासमोर खरं सांगावं. तोवर मी बस्तीची पायरी चढणार नाही. यांच्याशी त्याबद्दल एक शब्दही बोलणार नाही, हे पत्र तुम्हीच यांना वाचून दाखवा.

राग तुमच्यावरही आहे, अक्का. दोघांनी माझ्याबद्दल इतकं लिहिलंत, पण मला विचारणारी एक ओळ कुणी पाठवली नाही.

लोभ पुष्कळ आहे. यापुढे विश्वासही असावा.

आपली,
स्वप्नाली