बंद टनेल आणि घड्याळजीच्या माशा

३ फेब्रुवारी
सामूहिक बागेची सभा. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघत फर्मान काढलं: एप्रिलअखेर ज्याच्या वाफ्यात भाजी नाही, त्याचा वाफा दुसऱ्याला. नळाजवळचा माझा वाफा शेजारच्या घड्याळजीला हवाय, हे मी ओळखून आहे. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आता माझी घटका भरवायला निघालाय. मी उठून पाऊण तास बोललो. थंडीच्या भीतीने बियाणं पुडीत ठेवणाऱ्यांनो, मी प्लास्टिकच्या टनेलमध्ये काकडी लावणार आणि सगळ्यांच्या आधी तोडणार! टाळ्या पडल्या. त्या भाषण संपल्याच्या होत्या, असं ही म्हणते.

९ फेब्रुवारी
कमानी रोवल्या. प्लास्टिक ताणून कडा मातीत पुरल्या. दोन्ही तोंडं दोरीने गच्च. हिने वाफ्याबाहेर, नळाशी थोड्या बिया टोचून वर तळ कापलेल्या बाटल्या ठेवल्या. भिकारडं काम. बुचंही लावली नाहीत. रोपांना हवा नको का, म्हणे. न वाचणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. घातला. हरलो नाही, जेवण गार होत होतं.

२६ फेब्रुवारी
माझी रोपं वीतभर, हिची बोटभर. घड्याळजी कुंपणावरून म्हणाला, दुपारी तोंडं उघडत जा, आत भट्टी होते. जळतोय. दोरीला आणखी एक गाठ.

१८ मार्च, सकाळ
फुलं! घड्याळजीने मधमाश्यांची पेटी पाळलीय. त्याच्या माशा माझ्या प्लास्टिकवर डोकं आपटत होत्या. माझ्या फुलांवर डल्ला मारून हा बरण्या भरणार? फुकट्यांची फौज. फटींवर चिकटपट्टी मारली. एकही आत शिरली नाही. पूर्ण विजय.

२ एप्रिल
इवल्या काकड्या पिवळ्या पडून गळतायत. घड्याळजीने नळात काहीतरी कालवलं असणार. हिचे वेल त्याच नळाचं पाणी पितात. थंडी सरताच हिने बाटल्या काढल्या, तेव्हापासून तिथे माशांची वर्दळ, आणि वेल लगडलेत. म्हणजे विष खास माझ्यासाठी.

१४ एप्रिल
एक काकडी धरली! मांजराने जिथे प्लास्टिक फाडलंय, नेमकी तिथेच. भोक ताबडतोब बुजवलं.

३० एप्रिल
पाहणी. माझी एक काकडी. हिची टोपली भरून. मी बोलायला उभा राहिलो, तोच अध्यक्षबाईंनी विचारलं, "माशा आत कुठून जातात?"
"जातच नाहीत. तोच तर बंदोबस्त."
घड्याळजी हसला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "अहो, माशी बसल्याशिवाय काकडी धरेल कशी?"
एका काकडीला भाजी म्हणत नाहीत, वाफा तुम्हीच घ्या, असं बाई त्याला म्हणाल्या. तो म्हणाला, मला नको, वहिनींच्या नावावर करा. कपटी माणूस. उपकार करतो.

२ मे
वाफा वाचला. हिच्या नावावर. मी मदतनीस: सकाळी टनेल उघडणे, अवकाळी पाऊस आला तरच संध्याकाळी झाकणे. घड्याळजीने पेटी उचलून आमच्या टनेलच्या तोंडाशी आणली. हिने "बसा भाऊजी" म्हणत चहा दिला. निषेध म्हणून मी माझ्या चहात साखर नाकारली. हिने मध घातला. त्याचाच.
चांगला होता. सभेत हे बोलणार नाही.