खालची खुंटी

लाब्राडोरचा किनारा,
ऑगस्ट १८३६

प्रिय अगाथे,

जहाज आलं आणि जहाजातून तुझं पत्र आलं, आणि पत्रातला पहिलाच शब्द 'आजी'. पुढचं वाचायच्या आधीच मी ते घेऊन सालोमेकडे पळाले, म्हणजे माझ्या वयाला जेवढं पळता येतं तेवढं. सालोमे माझी शेजारीण, इथलीच, या बर्फात जन्मलेली. तिला आपली भाषा वाचता येत नाही आणि मला धड लिहिता येत नाही, म्हणून आमचं इतकी वर्षं छान जमलंय. ती म्हणाली, "उर्सुले, पत्र आलंय की सीलची शिकार केलीस? एवढं नाचायला काय झालं?" मी म्हटलं, मला आजी म्हटलंय. तर म्हणते, "मग? म्हातारी तर तू केव्हाचीच झालीयस." आता तिला काय सांगायचं. आपल्या ख्रिस्ती मंडळीत सगळे एकमेकांचे बंधू आणि भगिनी. मला इथं सगळे भगिनी उर्सुला म्हणतात, दुधाचे दात न पडलेली पोरंसुद्धा. तुझे आजोबा माथेउस चारचौघांत तेच म्हणायचे, घरात मात्र 'अगं'. 'आजी' हा शब्द माझ्यासाठी कुणी कागदावर लिहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. दिवसभर तो खिशात घालून हिंडले. संध्याकाळी उरलेलं पत्र वाचलं.

माझं अक्षर तुला लागेल की नाही, देव जाणे. बर्फावर कावळा नाचून गेल्यासारखं दिसतं. पण तू हुशार आहेस, लावशील.

तू लिहिलंयस की वडीलमंडळींनी तुला बोलावून घेतलं आणि म्हणाले, तुझी आजी राहते त्या मिशनच्या ठाण्यावर ट्राउगॉट नावाचा सुतार आहे, त्याला बायको हवी, तू जाशील का, नाताळपर्यंत सांग. आणि मला विचारतेस, आजी, तू त्याला रोज बघतेस, माणूस कसा आहे. तर ऐक. माणूस चांगला आहे. त्याच्यात खोट काढायला मी आठवडाभर त्याच्यामागे लागले होते आणि एवढंच सापडलं की तो चहात पाव बुडवतो आणि अर्धा चहातच सोडतो. कुत्री त्याला ओळखतात, एकालाही लाथ मारत नाही. गळा गोड आहे, भजन उचलतो तेव्हा मागच्या बाकावरच्या बायका डोळे मिटून घेतात, त्यातल्या दोघी झोपलेल्या असतात ते सोड. तुझं नाव कळल्यापासून रोज काही ना काही निमित्त काढून येतो. परवा खुर्चीचा पाय बघायला आला. पाय धडधाकट होता. मग हळूच म्हणतो, "भगिनी, नात दिसायला कशी आहे हो?" मी म्हटलं, मी कुठं पाहिलीय तिला. "तरी, अंदाजे?" मी म्हटलं, अंदाजे माझ्यासारखी असेल. बिचारा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बरं, खुर्ची तर ठीक आहे." मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या.

तुझे आजोबाही असेच, बघता क्षणी कुणी भाळावं असे नव्हते. आमच्या वेळी मुलीला विचारत नसत. माथेउसनं इथून बायको मागितली, तिकडं मायदेशी वडीलमंडळींनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या नावाला 'हो' निघाली. मी सूत काततेय तिथं येऊन सांगितलं, प्रभूची इच्छा आहे, जहाज वसंतात निघतं. मला एवढंच सांगितलं होतं की बंधू माथेउस उंच आहे. किनाऱ्यावर उतरले तर एक उंच माणूस दिसला. मी सरळ त्याच्याकडे जाऊन हात पुढे केला. त्याच्यामागं त्याची बायको उभी होती, तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी परत जहाजात चढायला तयार झाले. तेवढ्यात बाजूचा एक ठेंगणा, दाढीत माशाचं खवलं अडकलेला माणूस म्हणाला, "तो नव्हे, मी. दिसायला कमी आहे, पण स्वयंपाक त्याच्यापेक्षा बरा करतो." तिकडं लग्न झालं की टोपीची गुलाबी फीत काढून निळी बांधतात, ते तुला ठाऊकच आहे. त्या उंच माणसाच्या बायकोनंच माझी निळी फीत बांधली आणि अशी आवळून बांधली की मला घास गिळवेना. माथेउसनं जेवताना कुणाचं लक्ष नाही बघून मागून हळूच गाठ सैल केली. मला वाटतं, प्रभूनं 'हो' म्हटलं ते खरं तेव्हा.

तरी प्रेम बसायला फेब्रुवारी उजाडला. त्या पहिल्या हिवाळ्यात बियाण्याचे बटाटे गोठू नयेत म्हणून ते पांघरुणात घेऊन झोपायचे, असा इथला रिवाज होता. आमच्या दोघांच्या मधोमध बटाट्यांचं पोतं. मी इकडं, तो तिकडं, आणि दोघं देवाघरच्या गोष्टी बोलायचो. एके दिवशी बघते तर त्यानं पोतं पायथ्याशी सरकवलेलं. मी म्हटलं, गोठतील ना. तो म्हणाला, "पाय गरम असतात माझे." त्या वर्षी निम्मे बटाटे गोठले आणि सगळ्या ठाण्यानं आम्हाला दोघांना अशा नजरेनं पाहिलं की काय सांगू. पण मी सुखी होते, अगाथे. हे तुला कळावं म्हणून लिहिते. नवरा, देव, शेगडी आणि एक मैत्रीण. माणसाला आणखी काय लागतं, असं मी तेव्हा म्हणायचे.

पत्राच्या शेवटी तू सहज म्हणून विचारलंयस, की गेल्या हिवाळ्यात आईला ताप चढला होता, त्यात ती 'अनाना, अनाना' म्हणत होती, शुद्धीवर आल्यावर विचारलं तर म्हणाली मला माहीत नाही. आजी, हा इथला शब्द आहे का? हो, इथलाच आहे. इथल्या भाषेत आईला अनाना म्हणतात. तुझी आई रोझिना मला अनाना म्हणायची. पण सालोमेनंही तिला अंगावर पाजलं होतं, आणि ती सालोमेलाही अनानाच म्हणायची. तेव्हा तापात ती कुणाला हाक मारत होती, ते मी सांगू शकत नाही. सालोमे म्हणते मलाच, म्हणजे तिला. आम्ही दोघी त्यावर सबंध दुपार भांडलो आणि मग सालोमेनं मासा भाजला.

रोझिनानं तुला काही सांगितलेलं दिसत नाही, तर मी सांगते. माझी आधीची दोन देवाच्या शेतात पुरलेली आहेत, ही जगली. इथल्या पोरांबरोबर कुत्र्यांच्या गाडीवर बसायची, कच्चा मासा खायची, आपल्या भाषेत चार शब्द बोलली की पाचवा त्यांचा. आणि ठरलेलं असं होतं, अजूनही आहे, की आपल्या लोकांचं मूल सहा वर्षांचं झालं की जहाजावर चढवायचं आणि तिकडं शाळेत पाठवायचं. आईबापांनी इथं राहायचं, कारण प्रभूचं काम इथं. सगळ्यांनीच पाठवली. त्या उंच माणसाच्या बायकोनं चार पाठवली. मी रोझिनाच्या टोपीला नवी लाल फीत शिवत बसले होते, तेव्हा सालोमे आली, म्हणाली, "कुठं चाललीय पोर?" मी त्यांच्या भाषेत म्हटलं, ती जाते. सालोमे हसायला लागली. "उर्सुले, इतकी वर्षं झाली तरी तुला बोलता येत नाही. 'जाते' मेलेल्या माणसाला म्हणतात. 'येते' म्हणावं, 'जाऊन येते'." मी पुन्हा म्हटलं, ती जाते. तिनं पुन्हा माझा शब्द सुधारला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिनं सुधारला नाही. उठून गेली आणि जहाज दिसेनासं होईपर्यंत माझ्या दाराशी आली नाही.

माथेउसनं पोरीला खांद्यावर घेऊन होडीपर्यंत नेलं. ती खूश होती गं, तिला वाटलं सीलच्या शिकारीला चाललोय.

दोन वर्षांनी पत्र आलं, सुरेख अक्षरात. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, माथेउसनं वाचून दाखवलं. 'प्रिय भगिनी उर्सुला, मी बरी आहे. आपण कशा आहात?' तिचा काय दोष? तिकडं सगळ्या बायांना भगिनी म्हणायला शिकवतात, तिनं मलाही त्यातच धरलं. माथेउस त्या 'आपण'वर अडखळला आणि बाहेर जाऊन विनाकारण लाकडं फोडत बसला. मी मात्र हट्टाला पेटले. त्याच हिवाळ्यात जळक्या कोळशानं फळीवर अक्षरं गिरवली, माथेउस हात धरून शिकवायचा. आणि लिहिलं, की मी भगिनी नाही, मी तुझी आई आहे. पत्र जहाजानं जायचं, उत्तर पुढच्या जहाजानं यायचं. उत्तर आलं, 'प्रिय भगिनी आई'. तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्यानंतर मी सुधारायचं सोडून दिलं. पुढं ती मोठी झाली, पत्रं आखूड झाली. लग्न झाल्याचं कळवलं, तू झाल्याचं कळवलं, आणि मग थांबली. तिच्यावर माझा राग नाही. प्रभूवरही नाही, आणि असलाच तर तो त्याला माझ्याआधी ठाऊक असेल, मी बोलून दाखवायची गरज नाही.

आमच्या दाराशी माथेउसनं दोन खुंट्या वर मारल्या होत्या आणि एक खाली, रोझिनाचा हात पोचेल अशी, तिच्या कोटासाठी. ती गेल्यावर तो आपली टोपी त्या खालच्या खुंटीला अडकवायला लागला. मी म्हटलं, वरची रिकामी आहे. म्हणाला, "हातच खाली जातो." कंबर गेली तरी वाकायचा, मरेपर्यंत. आता तो देवाच्या शेतात आहे, पुरुषांच्या बाजूला. माझी जागा बायकांच्या बाजूला, मधून वाट जाते. एवढी वर्षं एका पांघरुणात काढली आणि आता मध्ये बटाट्याच्या पोत्यापेक्षाही जास्त अंतर.

हे सगळं मी लिहिणार नव्हते. परवापर्यंत माझ्या मनात दुसरंच पत्र होतं. त्यात लिहिलं असतं, ये बाळा, लवकर ये, मुलगा सोन्यासारखा आहे, आणि मला मरायच्या आधी माझ्या रक्ताचं एक माणूस हातानं चाचपून बघू दे. देवाशप्पथ तेच लिहिणार होते. पण काल ट्राउगॉट मला त्यानं बांधलेलं घर दाखवायला घेऊन गेला. खिडकी खाडीकडे काढलीय, शेगडीला आडोसा केलाय. दाराशी दोन खुंट्या दाखवल्या, "ही माझी, ही अगाथेची." मग कान लाल करून म्हणाला, "भगिनी, इकडं खाली बघा." खाली तिसरी होती. "पोराच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून दोनदा घासलीय," म्हणाला. मला वाकवत नाही, तरी वाकले आणि हात फिरवला. खरंच गुळगुळीत होती. मी म्हटलं, छान झालीय हो. आणि घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं. अगाथे, तू नाही म्हण. माझ्यासाठी चिठ्ठी टाकली होती, तुला विचारलंय. तू नाही म्हटलंस तर त्याला वाईट वाटेल, मग दुसरी कुणी येईल, आणि तिचं मूलही सहा वर्षांनी होडीत बसेल. त्यातलं काही माझ्या हातात नाही. मला नात मात्र एकच आहे. आईला हे पत्र दाखवू नकोस. किंवा दाखव, तुला वाटेल तसं. आणि हे पोचायच्या आत तू हो म्हणून मोकळी झाली असशील, तर पुढच्या ऑगस्टात मी किनाऱ्यावर असेन, विधवेची पांढरी फीत बांधून. तुझी निळी मीच बांधीन आणि सैल बांधीन, आणि या पत्राचं नाव मी काढणार नाही, तूही काढू नकोस. पण तुझं पोर सहा वर्षांचं होईल तेव्हा मी त्या वाटेच्या अलीकडे निजलेली असेन, आणि होडी निघताना तुझ्या शेजारी उभं राहायला कुणी नसेल. म्हणून आताच सांगते, नाही म्हण. तिथंच राहा, आणि दर जहाजाला मला आजी म्हण.

तुझीच, आणि आता कागदावरही,
आजी